म्हसावदचे मेकॅनिक नाना यांना

नाना, साष्टांग नमस्कार.

तुम्ही वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून दिलेली माझ्या मोटारसायकलच्या जुन्या ब्रेक पॅडची जोडी अजून माझ्या टेबलावर आहे. एकाची नुसती लोखंडी पट्टी उरलेली, कडेला निळसर झाक आलेली आणि मधोमध डिस्कनं घासून काढलेला चकचकीत पट्टा. दुसरं अर्ध्याहून जास्त शाबूत. "हाई दखा गुरुजी," म्हणत तुम्ही दोन्ही माझ्या तळहातावर ठेवलीत आणि विचारलंत, एकाच कॅलिपरमधली, म्हणजे डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणाऱ्या एकाच चिमट्यातली ही जोडी, मग एकच का संपली? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आज देता येतं, आणि ते तुमच्यामुळे.

एप्रिलचा शेवट होता. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टाकीवर, मागे शाळेतले सहकारी, आणि आम्ही तोरणमाळहून खाली निघालेलो. शहाद्याहून वर-खाली करायचं म्हणजे रोजचे शंभर किलोमीटर, त्यामुळे सातपायरीची वळणं डोळे मिटूनही आठवतात. अर्धा घाट उतरलो आणि मागच्या ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं. दाबलं तर थेट खाली गेलं. पुढचा दाबला तर लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज. दुसऱ्या गिअरवरून पहिल्यात आणून, डोंगराच्या बाजूला धरत धरत गाडी कशीबशी थांबवली. दरीकडच्या कठड्याकडे बघायची हिंमत दोघांनाही झाली नाही. पंधरा-वीस मिनिटं बसलो, तेवढ्यात पेडल आपोआप पुन्हा कडक झालं. ते कडक झालं म्हणून मला वाटलं, आता ठीक आहे. नाना, त्या दिवशी मी थेट शहादा गाठायचा विचार करत होतो. सहकाऱ्यांनी हट्ट धरला म्हणून तुमच्या दारात थांबलो. त्यांचेही आभार इथेच मानतो.

दिवाळीनंतर शहरातल्या एका दुकानात मी पॅड बदलली होती. "सगळ्यात भारी घ्या, पुढे-मागे एकच टाका," असं सांगितलं गेलं आणि मी टाकली. गाडी कुठे चालते, कोण मागे बसतं, कुणी विचारलं नाही. तुम्ही पाना हातात घ्यायच्या आधी विचारलंत, "रोज कथा जातस गुरुजी?" म्हणजे रोज कुठे जाता. मग किती वजन असतं, उतारावर कोणता पाय कुठे असतो, पावसाळ्यातही जातो का. मी सांगितलं की उतरताना मागचं पेडल हलकं दाबूनच ठेवतो, म्हणजे गाडी ताब्यात राहते. तुम्ही रागावला नाहीत. मागच्या बाटलीचं झाकण उघडून आतलं ब्रेक ऑइल दाखवलंत. ते काळ्या चहासारखं झालं होतं.

मग जे समजावलंत ते मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतलं. झाकणावर डॉट 4 लिहिलेलं. ते तेल नवं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि पाणी मुरलं की 155 अंशांच्या आसपासच उकळायला लागू शकतं. उकळलं की नळीत वाफ. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली जातं. गार झालं की वाफेचा पुन्हा द्रव होतो आणि पेडल परत येतं. ज्या गोष्टीनं मला धीर आला होता, तीच खरी धोक्याची खूण होती. त्यात मागे सिंटर्ड पॅड, म्हणजे धातूची भुकटी दाबून-भाजून केलेलं. ते उष्णता फार लवकर पिस्टनकडे, म्हणजे तेलाच्या दाबानं पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याकडे, आणि तिथून तेलाकडे पोचवतं. वर माझा पाय पूर्ण घाटभर पेडलवर. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या.

पुढच्या पॅडचा दोष मात्र पॅडचा नव्हताच. कॅलिपर ज्या पिनेवर सरकतं तिचं रबरी बूट फाटलेलं, आत चिखल वाळून दगड झालेला. पिस्टन आतलं पॅड ढकलतो, आणि त्याच जोरानं कॅलिपर सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतं. इथे कॅलिपर सरकतच नव्हतं, म्हणून सगळं काम एकट्या आतल्या पॅडवर. हेच ते उत्तर, नाना. पिन अडकलेली असताना मी कितीही भारी पॅड टाकलं असतं तरी चार-सहा महिन्यांनी तसंच संपलं असतं.

तुमचं काम बघत मी दोन तास तिथे बसलो होतो. पिन पॉलिश पेपरनं घासली, नवं बूट बसवलं, आणि साधं ग्रीस नाही तर सिलिकॉनचं लावलं, कारण साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पिस्टन आत ढकलायच्या आधी टूथब्रशनं त्याची बाहेर आलेली कड साफ केली, नाहीतर तोच मळ सीलमध्ये जातो. तेल टाकीवर सांडून रंग जाऊ नये म्हणून फडकं गुंडाळलं. पोऱ्या पॅडच्या धुळीवर फुंकर मारायला निघाला तर तुम्ही त्याला थांबवलंत आणि ओल्या फडक्यानं पुसायला लावलं. डिस्कवरून नख फिरवून चरा किती खोल ते पाहिलंत, व्हर्नियर लावून जाडी मोजलीत आणि डिस्कवरच कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहिलीत. डिस्क वाचली होती. मी नवीन घ्यायला तयार होतो, तरी तुम्ही विकली नाहीत.

मग पॅड निवडायची वेळ आली. गोणपाटावर तीन खोकी मांडलीत. आधी जुन्या पॅडच्या पाठीवर नव्याची पाठ ठेवून आकार जुळवला, कारण नाव एकच असलं तरी साल बदललं की कॅलिपर बदललेलं असू शकतं. मग पाठीवरची दोन अक्षरं वाचायला शिकवलंत. पहिलं अक्षर साध्या तापमानाला पकड किती ते सांगतं, दुसरं तापल्यावर किती. एफ म्हणजे घर्षणाचा आकडा 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55, एच त्याच्याही वर. ज्याची दोन्ही अक्षरं सारखी, ते तापलं तरी फारसं बदलत नाही.

पुढे तुम्ही सिंटर्डच ठेवलंत, एच-एचचं. उतारावर ब्रेक मारताना बराचसा भार पुढच्या चाकावर येतो, श्रावणात डिस्क ओली असते, आणि ओल्यात ते लवकर पकडतं. माझ्या डिस्कला ते चालतं, याची खात्री करूनच. मागे मात्र ऑरगॅनिक, म्हणजे तंतू रेझिननं चिकटवून केलेलं, एफ-एफ. मी म्हणालो, मागेही भारीच टाका, पैशाचं बघू नका. तुम्ही म्हणालात, उतरताना मागचं चाक हलकं झालेलं असतं. त्यात माझ्या गाडीला एबीएस, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढे. तिथे जास्त पकड म्हणजे ओल्या पाल्यावर चाक जाम होणार आणि गाडी आडवी जाणार. मागचं पॅड मऊच बरं. मी महागाचं मागत असताना तुम्ही स्वस्तातलं दिलंत. हे मी आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं आहे.

निघताना ब्रेक दहा-बारा वेळा दाबून घ्यायला लावलेत, कारण पिस्टन आत ढकललेला असतो, पहिल्या दाबात नवं पॅड डिस्कला टेकतच नाही. म्हसावद ते शहादा सपाट रस्त्यावर साठावरून वीसवर, हळूहळू, तीसेक वेळा, मध्ये गार होऊ देत. आणि पहिले दोनशे किलोमीटर घाट नको. मी आठवडाभर एसटीनं गेलो.

आता दुसऱ्या गिअरमध्ये उतरतो, पाय पेडलवरून बाजूला. गरज पडेल तिथे दोन्ही ब्रेक नीट दाबतो आणि सोडून देतो. जुलैत सीताखाईच्या बाजूनं धुकं चढलं होतं, रस्ता दहा हातांपुढे दिसत नव्हता, आणि वळणावर अचानक गुरं आली. गाडी सरळ रेषेत थांबली. मागचं चाक इंचभर सरकलं नाही. गुराख्याचं पोरगं हसून पुढे गेलं, मी तिथेच दोन मिनिटं उभा राहिलो आणि तुमची आठवण काढली.

धडगाव, तळोदा, शहाद्याकडून आमच्यासारखे कितीतरी मास्तर, नर्सताई, ग्रामसेवक रोज हे घाट चढतात-उतरतात. त्यांनी हे वाचावं म्हणून उघड लिहिलं. वर्षा-दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला आणि पॅड घेताना पिन सरकते का ते आधी पाहा, एवढं मी तुमच्या वतीनं त्यांना सांगतो.

नाना, दिवाळीच्या सुट्टीआधी पॅड दाखवायला येतो. मागच्या पॅडची खाच, म्हणजे झीज दाखवणारी खूण, अजून स्पष्ट दिसते, पुढची थोडी पुसट झाली आहे. घरून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणीन. यावेळी "पुढच्या वेळेस" म्हणू नका, सोबत बसून खाऊ.

तुमचा,
तोरणमाळच्या शाळेतला गुरुजी