अक्कलदाढवाल्या डॉक्टर मॅडमना

मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतला, उजवा गाल पुरीसारखा फुगवून आलेला मुलगा. असे तुमच्याकडे रोज येत असतील, म्हणून खूण सांगतो: तोंडात दोन बोटंही मावत नव्हती आणि तरी मी 'पूर्वपरीक्षा झाल्यावर काढू' म्हणत होतो.

तीन महिने मेडिकलमधल्या गोळ्यांवर ढकलले होते. चार दिवस बरं, की पुन्हा ठणका. रूममेट लवंग धर म्हणायचा, मेसच्या काकू पोळी वरणात कुस्करून वाढायच्या. तुम्ही ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, पडद्यावर लावून पेनाने दाखवलंत. खालची अक्कलदाढ आडवी, शेजारणीला डोकं लावून बसलेली. वर हिरडीची घडी. तिथे अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, म्हणून सूज. शेजारची दाढही किडायला लागलेली. "गोळीने सूज उतरेल, दाढ सरळ होणार नाही," म्हणालात. हे तीन महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्थात मी विचारलंही नव्हतं.

मुळाजवळून ओठाची नस जाते, क्वचित बधिरपणा राहतो, हे तुम्ही सही घेण्याआधीच सांगितलंत. आधी सूज उतरवलीत, मग भूल. दुखलं नाही, पण दाढेचे तुकडे करताना डोक्यात कुणी फरशी कापतंय असं वाटत होतं. घरी आल्यावर दर दहा मिनिटांनी ओठाला चिमटा काढून पाहत होतो. संध्याकाळी सहाच्या सुमारास एकदाचा लागला! इतक्या आनंदाने मी कधी 'आई गं' म्हटलं नव्हतं.

मस्तानी चालेल का विचारलं तेव्हा तुम्ही हसलात. "चालेल, पण चमच्याने. स्ट्रॉने ओढलंत तर खाचेतली रक्ताची गुठळी निघेल, मग पहिल्यापेक्षा जास्त ठणकेल." थुंकायचं नाही, गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हळू, हे सगळं तुम्ही स्वतः चिठ्ठीवर लिहून दिलंत. आणि अक्षर चक्क वाचता आलं.

आभार मात्र मुख्यतः डाव्या दाढेसाठी. मी घाबरून "तीही काढून टाका" म्हणालो होतो. "ती सरळ आलीय, ब्रश पोचतो, त्रास नाही. कशाला काढायची?" बिल वाढवायची आयती संधी तुम्ही सोडलीत. पुण्यात ही गोष्ट विसरली जात नाही.

शेजारच्या दाढेत सिमेंट भरायला पूर्वपरीक्षेनंतर येतो. नाही, नाही. याच शनिवारी येतो.

आपला,
उजव्या गालाचा पेशंट