गर्भाच्या पहिल्या आठवड्याचा अभ्यास करणाऱ्या मॅडमना, एका आईकडून

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र घरी येऊन तुमच्या हातात देता आलं असतं. पण मी जी फाईल घेऊन तुमच्याकडे आले होते, तसलीच फाईल आमच्या थेरपी सेंटरच्या बाकावर बसलेल्या कितीतरी आईबापांच्या पिशवीत असते. त्यांनीही वाचावं म्हणून उघड लिहितेय.

माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाली नीट होत नाहीत. समज चांगली, पण पाय ताठ आणि तोल सांभाळणं अवघड. एका ठिकाणी आम्हांला सांगण्यात आलं, की कमरेच्या हाडातला मगज (बोन मॅरो) काढायचा, त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी, वेगळ्या करून पाठीतून मणक्याच्या पाण्यात सोडायच्या, मग मेंदूचा बिघडलेला भाग नव्याने तयार होईल. पैसे आगाऊ. वय वाढलं की गुण कमी येतो, म्हणून घाईही तेवढीच. सासऱ्यांनी एफडी मोडायचं ठरवलं होतं, मी पाटल्या काढून ठेवल्या होत्या. नातवासाठी कुणाचा हात आखडता नव्हता आणि नेमकं हेच त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

अशात २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्ताने झालेलं तुमचं व्याख्यान ऐकलं. गर्भाच्या पहिल्या आठवड्यावर तुम्ही बोललात. संपल्यावर मी गर्दीतून वाट काढत तुमच्यापर्यंत आले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. "फाईल घेऊन घरी या," म्हणालात. ना ओळख, ना कुणाची चिठ्ठी.

तुम्ही "हे करू नका" एवढंच सांगून मोकळ्या झाला असतात, तरी आम्ही ऐकलं असतं, पण घरी परतल्यावर रात्री पुन्हा शंका आली असती. त्या दुपारी तुमच्या घरी तुम्ही आमच्यासमोर तुमचं आयुष्यभराचं काम मांडलंत आणि त्या कामातून उत्तर आमचं आम्हांला दिसू दिलंत. माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

सुरुवात कोंबडीच्या अंड्यापासून झाली. डॉ. लीला मुल्हेरकरांनी पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कोंबडीच्या गर्भावरच्या संशोधनाची परंपरा रुजवली, त्या परंपरेतल्या शिक्षकांकडे तुम्ही शिकलात. हॅचरीतून आणलेलं फलित अंडं क्षारद्रावणात फोडायचं, बलकावरचं पातळ आवरण गर्भासकट अलगद सोडवायचं, काचेच्या कड्यावर ताणून बसवायचं, खाली वॉचग्लास, म्हणजे काचेची खोलगट बशी. न्यू नावाच्या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये सांगितलेली ही पद्धत. सांगताना तुमची बोटं हवेत ते कडं धरत होती. साधारण दीड दिवस उबवलेल्या गर्भात हृदय धडधडायला लागतं. तुम्ही त्याची चित्रफीत लॅपटॉपवर लावलीत, तेव्हा माझा मुलगा इतका पुढे वाकला की त्याला मागून धरावं लागलं.

मग उंदराचे गर्भ. तुमच्या उमेदीची वर्षं त्यातच गेली. तुम्ही त्या लोकांनी दिलेलं खर्चाचं पत्रक पालथं घातलंत आणि पेन्सिलीने त्यावर वर्तुळं काढलीत: एक पेशी, दोन, चार, आठ. हा अख्खा गर्भ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढा. आठ पेशी झाल्या की त्या एकमेकींना घट्ट चिकटतात. पुढच्या विभाजनांत काही पेशी बाहेर राहतात, काही आत जातात. बाहेरच्यांची वार (प्लॅसेंटा) होते. आतल्यांचं पिल्लू होतं, त्यांतल्याही काहींच्या वाट्याला पुढे गर्भाभोवतीची पिशवी येते. कुठली पेशी काय होणार हे कुणी सांगत नाही. आपण आत आहोत की बाहेर, शेजारी कोण आहे, कुठल्या बाजूला मोकळं आहे, यावर तिच्यातली जनुकं चालू-बंद होतात. बाहेरच्या पेशींत सीडीएक्स-२ नावाचं जनुक जोर धरतं, आतल्यांत ऑक्ट-४ नावाचं टिकून राहतं. काही शास्त्रज्ञांना चार पेशींच्या अवस्थेतच थोडा कल दिसतो आणि त्यावर वाद चालू आहे, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. आम्हांला इंजेक्शन सुचवणाऱ्यांनी एकाही गोष्टीला "वाद चालू आहे" असं म्हटलं नव्हतं.

पोलंडच्या तारकोव्स्कींचा प्रयोग मी अजून भेटेल त्याला सांगते. १९५९ मध्ये त्यांनी उंदराच्या दोन पेशींच्या गर्भातली एक पेशी नष्ट केली, आणि उरलेल्या एकीपासून पूर्ण पिल्लू जन्माला आलं. दोन वर्षांनी त्यांनी दोन गर्भ एकत्र चिकटवले, तर त्यांचं मिळून एकच पिल्लू झालं. सुरुवातीच्या पेशींमध्ये इतकी लवचीकता असते.

आमच्या प्रश्नाचं उत्तर यानंतर आलं. १९८१ मध्ये केंब्रिजला इव्हान्स आणि कॉफमन यांनी, आणि त्याच वर्षी अमेरिकेत गेल मार्टिन यांनी, उंदराच्या गर्भातल्या या आतल्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. त्या एम्ब्रियॉनिक स्टेम सेल. त्या परत कोवळ्या गर्भात सोडल्या, तर शेजाऱ्यांबरोबर नीट वाढतात आणि पिल्लाचा कुठलाही अवयव घडवण्यात सामील होतात. त्याच पेशी मोठ्या उंदराच्या कातडीखाली टोचल्या, तर गाठ होते, आणि त्या गाठीत स्नायू, कुर्चा, कातडी, सगळ्यांची खिचडी असते. "पेशी तीच, जागा बदलली," एवढंच बोलून तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. माझे यजमान, जे तोवर हिशेबाचेच प्रश्न विचारत होते, ते हळूच म्हणाले, "म्हणजे सोडलेल्या पेशीला कळणार कसं, मेंदूत जाऊन काय व्हायचं ते?"

हाडाच्या मगजातल्या पेशी या गर्भातल्या पेशींपेक्षा वेगळ्या, हेही तुम्ही समजावलंत. त्यांचं काम रक्त आणि हाड बनवायचं. मणक्याच्या पाण्यात सोडल्यावर त्या मेंदूत जाऊन चेतापेशी होतात आणि तुटलेल्या जोडण्या जोडतात, याला भक्कम पुरावा नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची स्टेम सेलवरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं तुम्ही उघडून दाखवलीत: उपचार म्हणून मान्यता आहे ती रक्ताच्या आजारांसाठी होणाऱ्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटला. बाकी सगळं संशोधन. ते रीतसर चाचणी म्हणूनच व्हायला हवं, सीटीआरआयकडे, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदवलेलं, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. मी त्या ठिकाणी फोन करून नोंदणी क्रमांक मागितला. "डॉक्टर बोलतील," असं उत्तर आलं. डॉक्टरांचा फोन आला नाही. हे वाचणाऱ्या प्रत्येक आईने आधी हा क्रमांक मागावा.

आशा मात्र तुम्ही काढून घेतली नाहीत. जपानचे शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीतल्या पेशींना गर्भातल्यासारखं कोवळेपण परत मिळवून दिलं. अशा पेशींपासून तयार केलेला पेशींचा पातळ थर २०१४ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. त्यामागे किती प्रयोगशाळांची किती वर्षं आहेत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज जरा जड झाला. तुम्ही ज्या विषयाला आयुष्य दिलंत, त्याच विषयाचं नाव घेऊन कुणी आजारी लेकराच्या घरातून पैसे काढावेत, याचा तुम्हांला किती त्रास होतो ते मला त्या दिवशी दिसलं.

एफडी मोडली नाही. त्यातल्या व्याजातून फिजिओ आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) नियमित चालू आहे, नवे स्प्लिंट झाले, चाकांचा वॉकर आला. मुलगा आता वॉकर धरून जिन्यापर्यंत स्वतः जातो आणि शाळेत त्याला विज्ञान सगळ्यांत जास्त आवडतं. मेंदूला झालेली इजा आहे तिथेच आहे, हे आम्हांला माहीत आहे. काय करायचं आणि कशापायी धावायचं नाही हे कळल्यामुळे घरातली रोजची घालमेल मात्र थांबली.

मॅडम, एक विनंती आहे. त्या दुपारी आम्हांला सांगितलंत ते मराठीत लिहून द्या, वर्तुळांच्या चित्रांसकट. टायपिंग मी करते. छपाईचा खर्च आमच्या पालक गटाने उचलायचं ठरवलंय. पुण्यातल्या थेरपी सेंटरांत आम्ही स्वतः फिरून ती पुस्तिका ठेवू. तुम्हांला सवड असेल तो दिवस कळवा, मी वही घेऊन येते.

तुमची ऋणी,
एक आई, कोथरूड