मॅडमची वही

सांगली,
१२ जून

प्रिय नंदा,

सप्रेम नमस्कार. सात महिने तुला पत्र नाही, त्याबद्दल माफी मागते. आम्ही सारे ठीक आहोत. आईंचा गुडघाही आता बरा आहे.

मॅडम निवृत्त झाल्या. एका पुरस्कारासाठी त्यांचे नाव सुचवावे म्हणून मी अर्ज भरायला बसले, तर त्यात शोधनिबंध, पेटंट आणि अनुदान एवढेच रकाने. ज्या मुलींना त्यांनी रसायनशास्त्रात आणले, टिकवले, त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा नाही. अमेरिकन केमिकल सोसायटी स्त्रियांना या क्षेत्रात येण्यासाठी प्रोत्साहन देणाऱ्यांना स्वतंत्र पुरस्कार देते. आपण मात्र जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट अर्धीच सांगतो. १९३३ मध्ये केवळ मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी त्यांना बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्या हटल्या नाहीत, आणि अखेर वर्षभराच्या अटीवर त्यांना घेतले, हे सर्वांना पाठ आहे. पण तेथे त्यांना हाताशी धरून शिकवणारे श्रीनिवासय्या किती जणांना ठाऊक आहेत?

तपशील मागायला गेले, तेव्हा मॅडमनी कपाटातून निळ्या पुठ्ठ्याची एक वही काढून दिली. तिच्या कोपऱ्यावर परमँगनेटचा तपकिरी डाग आहे. आत मुलींची नावे, पत्ते, घरी गेल्याच्या तारखा आणि पुढे काय झाले, हे सारे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेले आहे.

नंदा, मॅडम माझ्या बाबांसमोर दोन तास बसल्या आणि तुझ्याकडे फिरकल्याही नाहीत, हे तू मला किती वर्षे ऐकवलेस, आणि त्यावरून आपण किती भांडलो! तुझ्या नावापुढे दोन तारखा आहेत. दुसरीखाली लिहिले आहे: ‘काका दारातच भेटले. मुलगी घरी नाही म्हणाले. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता.’

त्या भाकरी तूच थापत होतीस ना? मी मॅडमना विचारले, तर त्या एवढेच म्हणाल्या, “तिसऱ्यांदा जायला हवे होते मी.” मला पुढे बोलवेना.

तुझी बदली झाली का? तुझ्या त्या दोन विद्यार्थिनींना पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) संधी मिळाल्याचे कळले, फार आनंद झाला.

रकाना नसला तरी अर्जाला मी स्वतंत्र कागद जोडणार आहे, आणि त्यात पहिले पान तुझे हवे. काकांचे नाव घालू नकोस, तारखा मात्र घाल. ३० जूनपर्यंत पाठव. वहीतल्या तुझ्या पानाची झेरॉक्स सोबत ठेवली आहे.

तुझी,
वासंती