कोंबडीच्या पोटात लसूण

मा. संपादक, स. न.

मागच्या रविवारी पुरवणीत कोरियन सिरीयलींवर अख्खं पान होतं, माझ्या मुलीनं ते कापून कपाटाला चिकटवलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण जपानमधल्या कोरियन लोकांवर इतके सिनेमे झालेत त्यावर एक ओळ नाही, ते खटकलं.

१९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता, तेव्हा पोटासाठी गेलेले आणि जबरदस्तीनं नेलेले असे लाखो लोक तिकडं होते. युद्धानंतर बरेच परतले, सहा लाखांच्या आसपास राहिले आणि १९५२ ला त्यांचं जपानी नागरिकत्वच गेलं. म्हणजे पोरं जन्मली ओसाकात, बोलणार जपानी आणि कागदावर परदेशी! कित्येकजण बाहेर जपानी नाव लावतात, घरचं वेगळं.

'गो' (२००१) मधला पोरगा आपण कोरियन आहे हे प्रेमात पडलेल्या पोरीला सांगतो आणि ती जागच्या जागी आक्रसते, कारण बापानं तिला लहानपणापासून त्यांचं रक्त घाण म्हणून शिकवलेलं. 'ब्लड अँड बोन्स' (२००४) मध्ये ताकेशी कितानोनं केलेला बाप इतका राक्षस आहे की मला मधेच बंद करावा लागला. सिनेमा ताकदीचा आहे, पण ज्यानं असला एकच बघितला तो म्हणणार, हे लोक असेच.

मला खरं पटलं ते जपानमधल्याच कोरियन दिग्दर्शिका यांग योंग-ही बाईंचं काम, स्वतःच्या घरावरचे माहितीपट. त्यांचा बाप मूळचा दक्षिण कोरियातल्या जेजू बेटाचा पण कट्टर उत्तर कोरियावाला, बाईंचे तिन्ही भाऊ त्यानं १९७० च्या दशकात तिकडं पाठवले. 'डिअर प्याँगयांग' मध्ये आई त्यांच्यासाठी खोकी भरत बसते, थंडीत हात गरम ठेवायच्या पुड्यासुद्धा. जपानी जावई चालणार नाही म्हणणारं हे घर, आणि 'सूप अँड आयडिऑलॉजी' (२०२१) मध्ये जपानी जावई दारात आला तर ही म्हातारी कोंबडीच्या पोटात लसूण ठासून तासनतास सूप शिजवते. भाषण नाही काही नाही.

आमच्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, तीन-तीन पिढ्या तमिळनाडू-केरळात आहेत. त्यांची कोरियन लोकांशी बरोबरी नाही, आपले लोक मर्जीनं गेले आणि देश आपलाच. तरी माझा चुलतभाऊ तिकडं मराठीवाला आणि इथं जत्रेला आला की मद्रासी. यावर कुणी सिनेमा केल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही, पुरवणीत एखादं पान तरी द्या. काकू अजून दर दिवाळीला ट्रॅव्हल्सनं त्याला भडंगाचा डबा पाठवते आणि वर त्याचं पूर्ण नाव मराठीतच लिहिते, तिकडं उतरवून घेणाऱ्याला वाचता येवो न येवो.

— एक वाचक, विटा (जि. सांगली)