डिमर निवडण्याआधी दिवा पाहावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नव्या सदनिकांच्या जाहिरातींत आणि घरसजावटीच्या पुरवण्यांत अलीकडे 'स्मार्ट' प्रकाशयोजनेचा उल्लेख हटकून असतो. मोबाइलवरून दिवे मंद-प्रखर करता येतील, नुसते बोलून दिवाणखान्यातला उजेड बदलता येईल, असे त्यांत आवर्जून सांगितलेले असते. पण हे काम प्रत्यक्षात जे करते, त्या बोर्डातल्या डिमर मॉड्युलची निवड कशी करावी, याबद्दल चार ओळीही वाचायला मिळत नाहीत. घरगुती विद्युत आणि प्रकाशयोजनेची कामे मी करते. दिवे लुकलुकतात, बोर्डातून गुणगुण ऐकू येते, बंद केलेला दिवा रात्री मिणमिणत राहतो, अशा ज्या तक्रारी आमच्याकडे येतात त्यांचे मूळ बहुतेक वेळा डिमर आणि दिवा यांची जोडी न जुळण्यात असते, हे वाचकांच्या नजरेस आणावे म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची असते, म्हणजे लाटेसारख्या वरखाली होणाऱ्या या विजेच्या सेकंदाला १०० अर्धलहरी येतात आणि प्रत्येक अर्धलहर १० मिलिसेकंद टिकते. भिंतीवरचा नेहमीचा डिमर या प्रत्येक अर्धलहरीचा काही भाग कापून उरलेला भाग दिव्याकडे सोडतो. अमेरिकेत जोएल स्पायरा यांनी १९५९ मध्ये अर्धवाहकांवर चालणारा घरगुती डिमर तयार केला, तेव्हा समोर तारेचा पिवळा बल्ब होता. तापलेली तार इतक्या अल्प काळात थंड होत नाही, त्यामुळे वीज तुकड्यातुकड्यांनी मिळाली तरी बल्बचा उजेड एकसंध मंदावत असे. आज आपल्या छतांत एलईडी आहेत आणि एलईडीला वीज थेट मिळत नाही. ती ड्रायव्हर नावाच्या छोट्या परिपथातून मिळते. डिमरचे म्हणणे आधी या ड्रायव्हरला कळावे लागते.

पीओपीच्या छतातला कोणताही डाउनलाइट खाली ओढून त्यामागची पांढरी प्लास्टिकची डबी पाहावी. तिच्यावरच्या बारीक अक्षरांत अनेकदा 'इनपुट १०० ते ३०० व्होल्ट' असे छापलेले आढळते. आपल्याकडे विजेचा दाब कमी-जास्त होतो, विशेषतः गावांकडे संध्याकाळी तो बराच उतरतो, म्हणून दाब कितीही झाला तरी उजेड तोच राहावा, अशी या ड्रायव्हरची रचना केलेली असते. हा गुण एरवी मोलाचा आहे, पण डिमरपुढे तोच आड येतो. डिमरने लहरीचा भाग कापला की दाब उतरला असे ड्रायव्हर समजतो आणि जास्त प्रवाह खेचून उजेड पूर्ववत ठेवतो. बटण निम्म्यावर आणले तरी फरक दिसत नाही, आणखी खाली आणले की ड्रायव्हरचा दम सुटतो, तो बंद पडतो, पुन्हा चालू होतो, पुन्हा बंद पडतो, आणि घरातली मंडळी डिमर खराब निघाला म्हणून तो बदलायला सांगतात. डिमर बदलून यात काहीही सुधारणा होत नाही. दिव्यावर किंवा ड्रायव्हरवर 'डिमेबल' असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो डिमेबल नाही असेच धरून चालावे. भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी सुरक्षिततेची हमी देते. दिवा मंद होईल की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

दिवा डिमेबल निघाला की मग डिमरच्या जातीचा प्रश्न येतो. जुन्या, स्वस्त डिमरांत ट्रायॅक नावाचा अर्धवाहक स्विच असतो. तो अर्धलहरीचा सुरुवातीचा भाग कापतो आणि मध्येच एकदम दाब सोडतो. तारेच्या बल्बला हा झटका सोसतो, पण ड्रायव्हरच्या आतील कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, प्रत्येक वेळी प्रवाहाचा धक्का बसतो. गुणगुण त्यातूनच येते आणि डिमर व ड्रायव्हर या दोघांचेही आयुष्य त्यातूनच घटते. दुसऱ्या प्रकारचा डिमर लहर शून्यापासून सुरळीत वर जाऊ देतो आणि शेवटचा भाग कापतो. घरगुती एलईडींसाठी माझी पसंती नेहमी या दुसऱ्या प्रकाराला असते, मात्र ड्रायव्हरच्या निर्मात्याने कोणता प्रकार चालतो असे लिहून दिले आहे, ते आधी वाचावे. वॉटच्या आकड्यानेही अनेकांची फसगत होते. ४०० वॉटचा ट्रायॅक डिमर म्हणजे ४०० वॉटचे तारेचे बल्ब. एलईडीसाठी त्याची क्षमता त्याहून पुष्कळच कमी असते. उलट बाजूने, जुन्या धर्तीच्या अनेक डिमरांना नीट चालायला किमान ४० वॉटचा भार लागतो, आणि ७ वॉटचे चार दिवे मिळून २८ वॉटच होतात.

दिवा किती खालपर्यंत मंद होतो, हेही विचारून घ्यावे. मोजलेला प्रकाश आणि डोळ्याला जाणवणारा प्रकाश यांत मोठी तफावत असते. १० टक्के प्रकाश डोळ्याला साधारण ३२ टक्क्यांसारखा वाटतो, तर २० टक्के प्रकाश ४५ टक्क्यांसारखा. जो दिवा २० टक्क्यांच्या खाली उतरत नाही, तो रात्री पाळण्याशेजारी किंवा आजारी माणसाच्या खोलीत लावण्याच्या कामाचा नाही, मग त्याचे ॲप कितीही देखणे असो.

न्यूट्रलचा, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेचा, मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ती तार बोर्डात न आणण्याची चूक भिंत बंद झाल्यावर दुरुस्त करणे फार खर्चाचे पडते. मोबाइलशी जोडलेल्या डिमरला स्वतःला अखंड वीज लागते आणि त्यासाठी बोर्डात फेजबरोबर (वीज आणणाऱ्या तारेबरोबर) न्यूट्रलही हवा. ज्या बोर्डात पाच अँपिअरचा प्लग आहे तिथे न्यूट्रल असतोच. पण पलंगाशेजारच्या किंवा जिन्यातल्या टू-वे स्विचच्या (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालवणाऱ्या बटणाच्या) बोर्डात तो बहुधा आणलेला नसतो. अशा ठिकाणी विनान्यूट्रलचे मॉड्युल बसवतात. ते स्वतःपुरती वीज दिव्यातूनच घेते, म्हणजे दिवा बंद असतानाही त्यातून थोडा प्रवाह वाहत राहतो. त्या प्रवाहाने ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरतो, दिवा क्षणभर चमकतो आणि विझतो, आणि हे रात्रभर चालते. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर जोडून यावर उपाय करता येतो. नव्या घरात मात्र प्रत्येक बोर्डापर्यंत न्यूट्रलची तार खेचून घेणे हाच शहाणपणा आहे. तिचा खर्च डिमरच्या किमतीपुढे किरकोळ असतो. बोर्डाचा डबा खोल घ्यावा, कारण डिमर तापतो आणि दाटीवाटीने बसवलेली दोन-तीन मॉड्युले एकमेकांना आणखी तापवतात.

महाराष्ट्रात ज्या घरांत इन्व्हर्टर आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. स्वस्त इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते. डिमर लहरीच्या शून्यबिंदूवरून वेळ मोजतो आणि त्याचे गणित गुळगुळीत लहर धरून केलेले असते, म्हणून वीज गेल्यावर तेच दिवे लुकलुकू लागतात. गुळगुळीत लहर देणारा साइन वेव्ह इन्व्हर्टर नसेल, तर डिमरवरचे दिवे इन्व्हर्टरच्या परिपथावर घेऊ नयेत. पंखा तर दिव्याच्या डिमरवर कधीच जोडू नये; मोटारीचा भार वेगळा असतो, आणि कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी पंख्याला भिंतीवरचा नेहमीचा रेग्युलेटर बहुधा चालत नाही.

परदेशी असलेले आप्त हौसेने तिकडची उपकरणे आणतात, त्यांनाही एक विनंती. अमेरिकेतला डिमर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी केलेला असतो. तो आपल्या २३० व्होल्टवर लावणे धोक्याचे आहे. झेड-वेव्ह या बिनतारी पद्धतीची उपकरणे तर देशानुसार वेगवेगळ्या रेडिओलहरींवर चालतात. भारतासाठी ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा आहे, अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपासचा, त्यामुळे तिकडचे मॉड्युल इथल्या घरातल्या नियंत्रण केंद्राशी बोलूच शकत नाही. झिगबी ही दुसरी बिनतारी पद्धत आणि स्मार्ट उपकरणांचे वायफाय जगभर २.४ गिगाहर्ट्झवर चालत असल्याने तिथे ही अडचण नाही. पद्धत कोणतीही घ्या, इंटरनेट बंद असताना भिंतीवरचे बटण पूर्ववत चालते का, हे दुकानातच पाहून घ्यावे. घरात वृद्ध माणसे असतील, तर ही अट अजिबात सोडू नये.

घर नव्याने बांधले जात असेल, तर लहर कापणाऱ्या डिमरचा आग्रह धरण्याचे कारणही उरत नाही. छताच्या कडेने लावलेल्या २४ व्होल्टच्या एलईडी पट्ट्यांना डीसी बाजूचा, म्हणजे ड्रायव्हर आणि पट्टी यांच्या मध्ये बसणारा, कंट्रोलर अधिक चांगला पडतो. मोठ्या घरात दिवे अंकीय सूचनांनी चालवणाऱ्या डाली (DALI) पद्धतीचा विचार करावा; तिच्यात दिव्यांच्या तारांसोबत नियंत्रणाच्या दोन तारा फिरवतात आणि एका जोडीवर ६४ ड्रायव्हरना स्वतंत्र सूचना देता येतात. खर्च अधिक आहे, पण उजेड फार खालपर्यंत न लुकलुकता उतरतो.

उत्पादकांकडे आणि विक्रेत्यांकडे माझी मागणी अशी आहे की, डिमरच्या खोक्यावर कोणत्या प्रकारचा भार चालतो, एलईडीसाठी किमान आणि कमाल किती वॉट, न्यूट्रल लागतो की नाही आणि चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर तो चालतो का, एवढे मराठीत ठळक छापावे. बांधकाम व्यावसायिकांनी ताबा देताना वायरिंगचा नकाशा द्यावा आणि कोणत्या बोर्डात न्यूट्रल आहे हे त्यावर दाखवावे. ग्राहकांनी परवानाधारक वायरमनकडून काम करून घ्यावे आणि छत बंद होण्याआधी त्याच दिव्यांवर, त्याच डिमरवर एक खोली जोडून संध्याकाळी किमान पातळीवर आणि मग इन्व्हर्टरवर चालवून पाहावी; त्यानंतरच बाकीच्या मॉड्युलांची मागणी नोंदवावी.

आपली नम्र,
एक विद्युत अभियंता, ठाणे