क्षेत्रकार्याला पर्याय नाही

मानवशास्त्रज्ञांना संशोधन पद्धतींचे जगभर ऑनलाइन प्रशिक्षण देण्याविषयीचा लेख (रविवार पुरवणी) वाचला. उपक्रम स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे क्षेत्रकार्याची, म्हणजे लोकांमध्ये प्रत्यक्ष राहून माहिती गोळा करण्याची, गरज कमी होईल, हा निष्कर्ष पटला नाही. फ्लोरिडा विद्यापीठाने अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या साहाय्याने असे अभ्यासक्रम सुरू केले. त्यांचे विषय पाहावेत: मजकुराचे विश्लेषण, सामाजिक जाळ्यांचे (म्हणजे कोणाचे कोणाशी संबंध आहेत याचे) विश्लेषण, भौगोलिक माहितीचे विश्लेषण. म्हणजे मुख्यतः माहिती हाती आल्यानंतरची कामे. ती नैरोबीत किंवा नाशकात बसून शिकता येतील, आणि जिथे शिकवणारेच कोणी नाही तिथे हे मोलाचे आहे. पण ती माहिती मिळवायची कशी? प्रसिद्ध मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की १९१५ ते १९१८ या काळात सुमारे दोन वर्षे न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिले, तिथली भाषा शिकले. (त्यांच्या खासगी डायरीतला वैताग पाहता ते दिवस काही सुखाचे नव्हते!) कोणता प्रश्न केव्हा विचारू नये, हे अशा मुक्कामातच कळते. ऑनलाइन प्रमाणपत्राला स्थानिक मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील काही आठवड्यांच्या क्षेत्रकार्याची अट घालावी, आणि विद्यार्थ्याच्या नोंदी तपासणाऱ्यालाही तिथली भाषा येत असावी.

– मानवशास्त्राचा एक माजी विद्यार्थी, पुणे