प्रवाळाच्या टाकीत चुना का साचतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी सांभाळणाऱ्यांसाठी हे कळकळीने लिहीत आहे. प्रवाळाला लागणारे कॅल्शियम आणि पाण्याची क्षारता (आम्ल पचवण्याची ताकद) टिकवायला आपण कॅल्शियम क्लोराइड आणि खाण्याचा सोडा देतो; पण या दोघांची द्रावणे कधीही एकत्र ओतू नका. दोन्ही भेटली की कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चक्क चुनखडी तयार होते. पाणी दुधाळ होते, हीटर आणि पंपावर खपली धरते. दोन मात्रांमध्ये किमान अर्धा तास ठेवा आणि पंपाच्या जोरदार प्रवाहात थोडे थोडे सोडा.

१०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा क्षारता साधारण १ डीकेएचने (हे क्षारतेचे एकक) वाढवतो. दिवसात याहून जास्त वाढवू नये. क्षारता ८ ते ९ आणि कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग) पुरे.

मात्रा देऊनही आकडे टिकत नसतील, तर आधी मॅग्नेशियम मोजा. ते चुनखडीचे स्फटिक वाढू देत नाही. १२५० ते १३५० पीपीएम हवे. इथेच बहुतेकजण चुकतात आणि आणखी सोडा ओततात!

पाणी गढुळलेच तर मात्रा थांबवा, थोडे पाणी बदला. खपली धरलेला पंप बाहेर काढून पातळ व्हिनेगरमध्ये बुडवा, मग स्वच्छ धुवा.

— एक मत्स्यालयप्रेमी, कोल्हापूर